तिथी बघून निघा: हरिहरेश्वर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने

कोकणात पहिल्यांदा गाडी घेऊन जाणारं कुटुंब नकाशा उघडतं, दोन गावांमधले किलोमीटर मोजतं आणि त्यावरून दिवस ठरवतं. घाटमाथ्यावर हा हिशोब चालतो, किनाऱ्यावर चालत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटेचं पाणी उंच उडवणारी खडकातली चीर, भरतीलाच बघण्यासारखी असते. गुहागरच्या किनाऱ्यावर पोरांना खेकड्यांच्या मागे पळायचं असेल तर वाळू उघडी पडलेली हवी. म्हणून माझं सांगणं असं, की आधी समुद्राचं वेळापत्रक बघा, मग हॉटेलांची चौकशी करा.

खाली दिलेला मार्ग रायगडच्या दक्षिण टोकापासून रत्नागिरी शहरापर्यंतचा आहे. हरिहरेश्वर, वेळास, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी. मध्ये तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर सात दिवस ठेवा. चारच दिवस असतील तर गुहागरपर्यंत जाऊन चिपळूणमार्गे परत या, पण सात दिवसांचा मार्ग चारांत कोंबू नका.

पहिली पायरी: भरती-ओहोटी काढायला शिका

किनाऱ्यावरची जुनी माणसं वापरतात तो हिशोब अगदी सोपा आहे. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी १२ च्या आसपास. चतुर्थीला भरती ३ वाजता, ओहोटी ९ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचे, भरती सव्वाअकराच्या आसपास येते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून अंदाज पंचांगावरून काढा आणि निघण्याआधी मोबाइलवर त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघून पक्का करा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं: भरती खूप वर येते आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. खडकांवरचं समुद्रजीवन बघायला उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम, कारण एरवी पाण्याखाली असणारे खडकही तेव्हा उघडे पडतात.

आता हा हिशोब मार्गावर बसवू. दशमीला हरिहरेश्वरला पोहोचा, ओहोटी दुपारी दीडच्या सुमारास मिळते. त्रयोदशीला गुहागर, ओहोटी दुपारी चारच्या आसपास, संध्याकाळी किनारा मोकळा. चतुर्दशीला हेदवी, भरती सकाळी साडेदहाला. सगळं दिवसाउजेडी आणि जेवणाच्या वेळा सांभाळून होतं. म्हणून दशमीला निघायचं आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला रत्नागिरीत असायचं, ही सगळ्यात सोयीची आखणी.

दुसरी पायरी: महिना निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा सुखाची असते, समुद्र शांत असतो, कुरव आणि इतर पाहुणे पक्षी किनाऱ्यावर असतात. पण एकदाच जाणार असाल तर मी मार्च सुचवेन, कारण तेव्हा वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात. उकाडा सोसावा लागतो, तो सोसण्यासारखा आहे.

फाल्गुनातला शुद्ध पक्ष मात्र विचार करून घ्या. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, खोल्या आणि फेरीबोटी भरलेल्या असतात. पालख्या बघायच्या असतील तर तेव्हाच जा, पण खोलीची सोय फार आधी करा. निवांतपणा हवा असेल तर फाल्गुन वद्य दशमी ते अमावास्या, म्हणजे पाडव्याच्या आधीचे दिवस. भरती-ओहोटी तीच मिळते, रात्री चंद्र नसतो आणि गावाच्या दिव्यांपासून जरा दूर गेलं की आकाश ताऱ्यांनी भरलेलं दिसतं. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, गणपतीपुळ्याची गर्दी टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताज्या मासळीसाठी येणाऱ्यांनी हे दोन महिने सोडून द्यावेत.

तिसरी पायरी: गाडी आणि सामान

ब्रेक, टायर, स्टेपनी आणि वायपर तपासून घ्या. माणगाव, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत टाकी भरत जा, पंप दिसेल तेव्हा भरू असं ठेवू नका. किनाऱ्यालगतच्या खेड्यांत नेटवर्क जातं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि रोख पैसे बाळगा. आडवाटांवर ताशी २५ ते ३० किलोमीटर धरूनच दिवस आखा. वळणांनी मुलांना मळमळतं, सकाळी पोट तुडुंब भरू देऊ नका. आलेपाक किंवा आवळासुपारी हाताशी ठेवा. खडकांवर चालायला मागे पट्टा असलेल्या, पकड धरणाऱ्या सँडल हव्यात. साध्या स्लिपर शेवाळावर सटकतात.

खोल्यांसाठी घरगुती सोय शोधा. जेवणाचं मात्र आधी सांगावं लागतं: किती माणसं, मासे की शाकाहारी, किती वाजता. तुम्ही पोहोचल्यावर सांगितलंत तर यजमानांची धांदल होते आणि तुम्हाला तास-दीड तास थांबावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी कळवा. काही घरांत सोमवारी, गुरुवारी किंवा एकादशीला मासे शिजत नाहीत. आपल्या आखणीत दुसरा दिवस एकादशीचाच येतो, तेव्हा त्या दिवशी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी आनंदाने जेवा.

चौथी पायरी: पहिला दिवस, हरिहरेश्वर

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, मुंबईहून पेणवरून माणगाव, तिथून म्हसळा आणि हरिहरेश्वर. पहाटे निघा, म्हणजे दुपारी ओहोटीच्या वेळेला पोहोचाल. देवळाच्या मागून प्रदक्षिणामार्ग पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर जातो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पाडली आहेत. मुलांना हात लावून बघू द्या, दगड झिजतो म्हणजे काय हे तिथं कळतं.

ही वाट सुंदर आहे आणि धोक्याचीही आहे. भरती सुरू झाली की लाटा वाटेवर येतात, आणि इथं माणसं वाहून गेलेली आहेत. पाणी चढायला लागल्यावर उतरू नका. ओहोटीतही समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. देवळाजवळच्या माणसांना आधी विचारा, ते थांबा म्हणाले तर थांबा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरूनच समुद्र बघावा.

पाचवी पायरी: फेरीबोट

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी ओलांडायची. गाडीसकट माणसं नेणारी ही बोट काही जणांच्या तोंडी जंगलजेटी आहे. याच प्रवासात पुढे दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवरची आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीवरची, अशा आणखी दोन येतात. पद्धत सगळीकडे सारखीच. धक्क्यावर तिकीट काढा, रांगेत गाडी लावा, खलाशी हात करतील तशी चढवा. कधी उलटी चढवायला सांगतात, तेव्हा घाई न करता त्यांच्या हाताकडेच बघत या. गाडी उभी राहिली की हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवा. मग सगळ्यांनी खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं, खाडीचा खरा आनंद तिथं आहे.

फेऱ्यांच्या वेळा आणि शेवटची बोट आदल्या दिवशी फोन करून विचारा. जोडून आलेल्या सुट्टीत रांगा लागतात, सकाळची बोट गाठली तर त्रास वाचतो. हवा बिघडली तर फेऱ्या थांबतात. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणचा शंभर किलोमीटरच्या पुढचा वळसा पडतो, म्हणून त्या दिवशी पुढच्या मुक्कामाची वेळ अगदी काटेकोर ठेवू नका.

खाडीच्या कडेला कांदळवन दिसेल. चिखलातून वर आलेली टोकदार मुळं मुलांना दाखवा. चिखलात हवा पोहोचत नाही म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढरी चिपी हे राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. माशांची आणि कोळंबीची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात, तेव्हा ताटातल्या मासळीशी या चिखलाचं जवळचं नातं आहे.

सहावी पायरी: बाणकोट आणि वेळास

वेश्वीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला वाटेत आहे. याचं दुसरं नाव हिम्मतगड, इंग्रजांनी घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. किल्ला छोटा, वर गाडी जाते. तटावरून सावित्री समुद्राला मिळताना दिसते, अर्धा तास पुरतो.

वेळासला मात्र रात्र काढा. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आज ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. एकेकाळी इथं कासवांची अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ च्या सुमारास संरक्षण सुरू केलं. पुढे वन विभाग आला, कासव महोत्सव उभा राहिला आणि गावातल्या घरांना पाहुण्यांमुळे उत्पन्न मिळू लागलं. तुम्ही ज्या घरात उतरता, जेवता, ते पैसे थेट या कामाच्या पाठीशी उभे राहतात, म्हणून वेळासला धावती भेट देऊन दुसरीकडे मुक्काम करू नये असं मला मनापासून वाटतं.

मादी रात्री वाळूत येऊन साधारण शंभर अंडी घालते. कार्यकर्ते ती उचलून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खड्ड्यांत पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी केंद्रातल्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडून बघतात, पिल्लं निघाली असतील तर पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. ती स्वतः चालत समुद्रात जातात, चालणं त्यांना आवश्यक असतं. कुणी उचलून पाण्यात ठेवू नये.

मुलांना आधी तीन गोष्टी सांगून ठेवा. दोरीच्या मागेच उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. आणि हेही सांगा की एखाद्या वेळी पिल्लं निघतच नाहीत. म्हणूनच मुक्काम हवा. एकादशीची संध्याकाळ आणि द्वादशीची पहाट अशा दोन संधी मिळतात. त्या गावात रात्री किनाऱ्याकडे बॅटरी मारत फिरू नका, उजेडाने कासवं बिचकतात.

सातवी पायरी: केळशी, आंजर्ले, हर्णै

तिसऱ्या दिवशी केळशीवरून आंजर्ल्याला या. कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, आजी-आजोबांना चढ नाही. वरून माडा-पोफळींची हिरवळ, खाडीचं मुख आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. नुसतं दर्शन घेऊन परतू नका, कड्यावर थोडं थांबा.

दुपारनंतर हर्णै. बोटी खोल पाण्यात उभ्या असतात आणि मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात. मग वाळूवरच लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, बांगडा, हलवा, कोळंबी यांचे ढीग लागतात आणि बोली इतकी भराभर चालते की नवख्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेला असतो. तिथं लोक कामात असतात. वाटेत उभं राहू नका, तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी विचारा. थोडी मासळी घ्यायची असेल तर लिलावात न शिरता बाजूला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडून घ्या आणि मुक्कामाच्या घरी करून देतील का, ते आधीच विचारून ठेवा.

सुवर्णदुर्गावर होडीने जाता येतं. वर सावली कमी आणि सोयी काहीच नाहीत, पाणी आणि टोप्या घेऊन सकाळी जा, समुद्र खळबळलेला असेल तर सोडून द्या. जाणाऱ्या प्रत्येकाला, लहानग्यांनाही, जीवरक्षक जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत बसू नका. हाच नियम मुरुड-कर्दे भागातल्या डॉल्फिनच्या फेरीला. डॉल्फिनच्या अगदी जवळ नेण्याचा आग्रह धरू नका. इंजिन बंद करून थांबलं तर ते आपणहून जवळ येतात. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव, इथला मुक्काम शांत असतो.

आठवी पायरी: दाभोळ ओलांडून गुहागर

दाभोळला धक्क्यावर जाण्याआधी चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ बघा. वाकून, चाचपडत आत जावं लागतं, समईचा उजेड तेवढा. दाभोळची शाही मशीद खाडीजवळच आहे. हे बंदर एकेकाळी किती गजबजलेलं होतं, ते तिच्या बांधणीवरून समजतं.

पलीकडे गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन, मग सुरुबनातून किनाऱ्यावर. ओहोटीने सहा किलोमीटरांची वाळू मोकळी झालेली असते. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती इवल्या खेकड्यांची करामत. ते वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाद्य काढतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. मुलांना दहा मिनिटं न हलता बसवा, सगळी बिळं एकेक करून उघडतात. शंखात राहणारा खेकडा सापडला तर बघून परत तिथंच ठेवा. रिकामे दिसणारे शंखही घरी नेऊ नका, ते कुणाचं तरी पुढचं घर असतं.

वाळूवर गाडी उतरवू नका. चाकं रुततात, भरती चढते आणि गाडी पाण्यात जाते, असं कोकणात दर हंगामात घडतं. शिवाय वाळूखाली कासवाचं घरटं असू शकतं.

नववी पायरी: हेदवी, जयगड, गणपतीपुळे

पाचव्या दिवशी साडेआठपर्यंत गुहागर सोडा. पालशेत, वेळणेश्वर करत हेदवीला भरतीच्या वेळी पोहोचा. किनाऱ्याच्या टोकाला खडकात एक अरुंद चीर आहे, तीच बामणघळ. भरतीची लाट तिच्यात कोंडली जाते आणि पाण्याचा खांब उंच उडतो. उधाणाच्या दिवशी आवाजानेच अंगावर काटा येतो. कातळ ओला आणि निसरडा असतो. पाणी कुठपर्यंत उडतंय ते आधी लांबून चार-पाच लाटा बघून ठरवा आणि त्याच्या बरंच मागे उभे राहा. मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेलाच हवा. हेदवीच्या दशभुजा गणेशाचं दर्शन आधी किंवा नंतर घ्या, भरती थांबत नाही.

तवसाळहून बोटीने जयगड, किल्ला आणि दीपगृह. पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक आहे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर तिथं त्यांच्याकडून एखादी पाठ असलेली कविता म्हणवून घ्या.

गणपतीपुळ्याला टेकडीभोवतीची प्रदक्षिणा जरूर करा. समुद्रात मात्र घोट्याच्या वर जाऊ नका. इथं उतार एकदम खोल जातो आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढतं. कुठल्याही किनाऱ्यावर ओहोटी लागलेली असताना, अंधार पडल्यावर किंवा जीवरक्षकाने शिट्टी वाजवल्यावर पाण्यात राहायचं नाही, हा घरातला नियमच करून टाका. पोहता येणाऱ्यांनाही तो लागू.

दहावी पायरी: आरे-वारे, रत्नागिरी आणि परत

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीचा आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. गाडी वळणावर थांबवू नका, कडेला जागा असेल तिथंच लावा. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी ठेवलं तो थिबा पॅलेस आणि रत्नदुर्ग आहेत. मुलांसाठी झाडगावचं मत्स्यालय, तिथला देवमाशाचा सांगाडा बघून ती गप्प होतात.

एवढं करून अर्धा दिवस उरला तर बाजारात न घालवता उक्षीला जा. जांभ्याच्या सड्यावर कोरलेला मोठा हत्ती तिथं आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. भर दुपारी समोर असूनही हत्ती दिसत नाही. कोरलेल्या चित्रावर पाय देऊ नका, रेषांत खडू किंवा पाणी भरू नका.

परतीला पुणेकरांनी हातखंब्यावरून चिपळूण गाठून कुंभार्ली घाटाने कराडला निघावं. कोल्हापूरकडच्यांना आंबा घाट जवळचा. मुंबईकर महामार्गानेच जातील, त्यांनी पहाटे निघावं म्हणजे घर उजेडात गाठता येईल. कोकमाचं आगळ, आंबापोळी, फणसपोळी मुक्कामाच्या घरातूनच विकत घ्या. सुकी मासळी घेतली तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर वास महिनाभर गाडीतून जात नाही. घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.